पेजेतलं मीठ

लिफ्टवाला पेज करायला उभा राहिला की आधी पातेलं हलवून बघायचा. शेगडीवर ते सरळ बसलंय का, डुगडुगतंय का, एका बाजूला कललंय का. ही त्याची धंद्यातली सवय. जन्मभर लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्यावर माणसाला तिरकं काही बघवत नाही. मग तो एक वाटी तांदूळ घ्यायचा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचा, भिजत ठेवायचा आणि तोवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचा. उकळी फुटली की तांदूळ वैरायचे, गॅस बारीक करायचा आणि डाव हातात घेऊन उभं राहायचं. पेज ढवळावी लागते. ढवळली नाही तर खाली लागते आणि झाकण ठेवून पाठ फिरवली की उतू जाऊन सगळा ओटा चिकट करून ठेवते. त्याने कधी पाठ फिरवली नाही. त्याला दुसरीकडे कुठे बघायचंही नव्हतं.

तो पातेल्याकडे बघत असायचा, पण दिसत काही नसायचं. दुःख म्हणावं तर तेही नाही. दुःख झालेलं माणूस निदान रडतं, कुणावर तरी खेकसतं, ताट भिरकावतं. ह्याचं तसलं काहीच नव्हतं. बायको गेल्यापासून तो सकाळी उठायचा, पेज करायचा, कामाला जायचा, परत यायचा आणि झोपायचा. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी पहिल्या आठवड्यात त्याचं कौतुक केलं, किती खंबीर आहे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात त्याच लोकांनी आपसात कुजबुज केली, की मेल्याला काही वाटतं की नाही. लोकांचं काय, त्यांना दोन्ही बाजूंनी बोलायला आवडतं.

बायको एका कपडे धुऊन इस्त्री करून देण्याच्या दुकानात कामाला होती. एका दुपारी तिथेच, इस्त्रीच्या टेबलापाशी, ती खाली बसली आणि उठलीच नाही. तो त्या वेळी एका उंच इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता. फोन वर मशीनच्या खोलीत, पिशवीत. कामावरच्या जोडीदाराने वरून ओरडून सांगितलं तेव्हा त्याच्या हातात पाना होता. त्याने आधी अर्धा फिरवलेला बोल्ट पूर्ण आवळला आणि मग वर आला. पुढचं हॉस्पिटल, माणसं, रडारड ह्यातलं त्याला धड काही आठवत नव्हतं. तो बोल्ट मात्र आठवत होता. मोठा होता, जरासा गंजलेला.

आता घरात तिघंच. तो, त्याची म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारी लेक.

ह्या घरात सकाळी पेजच व्हायची, फार वर्षांपासून. आईचं पोट नाजूक. सकाळी सकाळी दुसरं काही खाल्लं की दिवसभर तिला त्रास. म्हणून बायको रोज सगळ्यांपुरती पेज करायची, कधी त्यात गाजर किसून, कधी आल्याचा तुकडा टाकून. तो तेव्हा उजाडायच्या आतच कामाला निघालेला असायचा, कारण लिफ्टची कामं लोक उठायच्या आधी उरकावी लागतात. त्याच्या वाटणीची पेज मागाहून डब्यातून जायची. ती कशी होते, कोण काय करतं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. डबा उघडला की पेज असायची, एवढंच. रात्री जेवताना बायकोला तो कधी कधी म्हणायचा, "काही म्हण, तुझ्या हातचं मीठ कधी चुकत नाही." आणि ती आईकडे बघून हसायची. सासू-सुनेचं काहीतरी असेल म्हणून त्याने कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर त्याने मालकाला सांगून उशिराची पाळी मागून घेतली आणि पेजेचं काम अंगावर घेतलं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, म्हातारीने हाय खाल्लीय, तिला हलकं, मऊ, गरम द्या, पेज उत्तम. पहिल्याच दिवशी आई सवयीने उठून स्वयंपाकघरात आली. ओट्याच्या कडेला तिचं एक बुटकं लाकडी स्टूल असायचं, त्यावर बसायला लागली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं.

"आई, तू आता इकडे यायचंच नाहीस. मी आहे ना. तू आराम कर."

"अरे, मी नुसती बसते..."

"बसायचंय ना? खिडकीत बस. ऊन येतं तिथे."

स्टूल उचलून त्याने खिडकीशी नेऊन ठेवलं, वर एक उशीसुद्धा ठेवली. आईने काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि जाऊन खिडकीत बसली. आपण आईची केवढी सोय केली, असं त्याला वाटलं. म्हणजे वाटलं असं म्हणायचं. खरं तर त्या दिवसांत त्याला फारसं काही वाटतच नव्हतं.

आणि चवही लागत नव्हती. भात, पोळी, चहा, सगळं तोंडात एकसारखं. पण ह्याची त्याने काळजी केली नाही, कारण येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला तेच सांगत होता: अशा वेळी अन्न गोड लागत नाही बाबा. तो मान डोलवायचा. त्याला वाटलं, सगळ्यांचंच असं होत असणार. कुणी मेलं की जीभ जाते, काही दिवसांनी परत येते. त्यात कुणाला सांगण्यासारखं काय?

पेजेतला दाणा बोटात चेपून विरघळला की ती झाली, एवढं त्याला कळत होतं. मग मीठ. तो चमच्याने थोडं मीठ टाकायचा, डावातली पेज तळहातावर घ्यायचा, फुंकर मारून चाटायचा. काहीच नाही. अजून थोडं टाकायचा. काहीच नाही. अजून. असं करता करता जिभेच्या कडेला कुठेतरी बारीकशी चुणचुण झाली की तो मान हलवायचा. झालं, बरोबर आहे.

पहिल्या दिवशी लेकीने पहिला घास घेतला आणि ती थांबली. बाप समोर डाव घेऊन उभा. दाढी वाढलेली, बायकोचा एप्रन गळ्यात, तोही उलटा घातलेला. लेकीने घास गिळला.

"मस्त झालीय, बाबा," ती म्हणाली आणि वाटी संपवून ग्लासभर पाणी प्यायली.

एकदा मस्त म्हटलं की दुसऱ्या दिवशी खरं बोलायला तोंड कुठून आणणार? ती रोज खायची आणि रोज घटाघटा पाणी प्यायची. बापाच्या ते लक्षात आलं होतं. त्याला वाटलं, कॉलेजात कुणीतरी सांगितलं असेल. हल्लीची पोरं तब्येतीसाठी पाणी पितात म्हणे.

आईचं तसं नव्हतं. आई वाटी हातात घ्यायची, एक घास तोंडात घ्यायची, तो बराच वेळ घोळवायची, मग कसाबसा गिळायची आणि वाटी खाली ठेवायची.

"खा ना गं थोडं."

"पुरे रे. पोट भरलं."

"एवढ्यात?"

"म्हाताऱ्या माणसाला किती लागतं?"

दिवसभरात एखादी पोळी दुधात कुस्करून, एखादं केळं, एवढंच तिच्या पोटात जायचं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गळ्याची हाडं दिसायला लागली. आणि नेमकी हाडंच फोनवर ताईला दिसली.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. दुसऱ्या गावी असायची, एका शाळेच्या ऑफिसात होती आणि ऑफिसात जसं बोलायची तसंच घरी बोलायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि फोनवर चेहरा दाखवल्याशिवाय तिचं भागायचं नाही. त्या दिवशी आईचा चेहरा बघून ती गप्प झाली. ताई गप्प झाली म्हणजे काहीतरी भयंकर ठरलंय, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"फोन स्वयंपाकघरात घेऊन ये," ती त्याला म्हणाली. तो गेला. "हे बघ, मी रविवारी येतेय. आईला बघते. तिने माझ्यासमोर पोटभर खाल्लं तर ठीक. नाही तर तिची बॅग भरून मी तिला घेऊन जाणार. कायमची."

"ताई, ती खाते गं..."

"काय खाते? मला दिसत नाही का? मागच्या महिन्यात म्हणालास होईल नीट. तुझं दुःख मला कळतं. पण तुझ्या दुःखात मी आईला उपाशी मरू देणार नाही. कळलं?"

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवून तो तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला. ताईचं काही चुकत नव्हतं. पण आई गेली तर? लेक सकाळी जाते ती संध्याकाळी येते, आणखी दोन-तीन वर्षांनी नोकरीला लागेल, लग्न करेल किंवा नाही करणार, पण जाईल. आईसाठी तो सकाळी उठत होता. आई गेली तर पेज करायचं कारण उरणार नव्हतं आणि ते उरलं नाही तर आपण कशाला उठायचं, हे त्याला समजेना. नुसतं थोडं थंड वाटलं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर पायांना वाटतं तसं.

मग त्याने हात धुतले आणि पेज सुधारायला घेतली.

रविवारपर्यंत त्याने काय काय केलं, विचारू नका. जुना तांदूळ आणला. तो भाजून, जाडसर भरडून पेज केली. गाजर घातलं, दुधी किसून घातला, आल्याचा रस घातला. एक दिवस पेज चाळणीतून गाळून इतकी गुळगुळीत केली की ती प्यायलाच पाहिजे. एक दिवस तूप सोडलं. पातेलं बदललं, गॅस बदलला, वाट्यासुद्धा बदलल्या. ज्या माणसाने लिफ्टचा कुठलाही बिघाड वायरीवायरीने शोधून काढला, तो आता पेजेतला बिघाड शोधत होता. सगळं बदलून झालं. मीठ तेवढं राहिलं, कारण मिठात काही चुकतंय असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आई एक घास घ्यायची आणि खिडकीत बसून त्याच्याकडे बघत राहायची. कशाची तरी वाट बघितल्यासारखी. त्याला वाटायचं, हिला सूनबाईची आठवण येतेय. तो नजर चुकवून डबा भरायला लागायचा.

शनिवारी दुपारी तो आणि त्याचा जोडीदार एका ऑफिसच्या इमारतीत काम करत होते. जोडीदाराला सगळे पहिलवान म्हणायचे. दारातून आत यायला त्याला थोडं तिरकं व्हावं लागायचं, म्हणून लिफ्ट वरखाली जाते त्या शाफ्टमधली कामं लिफ्टवाल्याकडे आणि वर मशीनच्या खोलीतली पहिलवानाकडे. ह्या कामात एक नियम होता आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. डब्याच्या टपावरून लिफ्टवाला ओरडायचा, "बंद?" वरून पहिलवान मेन स्विच पाडून ओरडायचा, "बंद!" आणि मगच लिफ्टवाल्याचा हात दोरांमध्ये जायचा. ऐकलं असेल, केलं असेल, असं धरून चालायचं नाही. एकदा खाली इतका गोंगाट होता की उत्तर ऐकूच येईना. लिफ्टवाला पाव तास हात खिशात घालून उभा राहिला, पण दोराला शिवला नाही. खालचे लोक शिव्या देत होते. देऊ देत. उत्तर आलं पाहिजे.

काम संपल्यावर दोघं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवायला बसले. लिफ्टवाल्याने आपला डबा पहिलवानापुढे सरकवला.

"जरा खाऊन सांग. उद्या ताई येतेय."

पहिलवानाने खाण्याच्या बाबतीत आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्याने मोठा चमचा भरून तोंडात घातला. त्याचे डोळे किंचित बाहेर आले. तो बराच वेळ समोरच्या इमारतीकडे बघत राहिला.

"कशी आहे?"

"दाट आहे, दादा," पहिलवान म्हणाला. "मस्त दाट आहे." मग त्याने बाटली उचलली आणि तळ दिसेपर्यंत तोंडाला लावून ठेवली.

"अजून घे की."

"नको दादा. सकाळी जरा जास्तच झालंय."

पहिलवान जेवायला नको म्हणाला, ही गोष्ट खरं तर मालकाला कळवण्यासारखी होती. पण लिफ्टवाल्याने डब्याला झाकण लावलं आणि तो उठला. त्याला फक्त ऐकू आलं, दाट आहे. म्हणजे उद्या थोडी पातळ करायची.

रविवारी सकाळी ताई आली ती एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात वजनकाटा घेऊन. बसमधून एवढं ओझं आणलं म्हणून कंडक्टरशी भांडूनही आली होती. चपला काढायच्या आधी तिने आईला काट्यावर उभं केलं, वाकून आकडा बघितला आणि सरळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की ती जास्तच मोठ्याने बोलते.

"मी बॅग भरते," ती म्हणाली.

"ताई, थांब. पेज होतेय. आज ती खाईल."

"तू ढवळ. मी तोवर भरते."

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज झाला. तो ढवळत राहिला. आज त्याने सगळं नीट केलं होतं. तांदूळ जुना, गाजर बारीक किसलेलं, आल्याचा नुसता वास. दाणा विरघळला. त्याने मीठ टाकलं, चाखलं, टाकलं, चाखलं. आज जीभ जास्तच हट्टाला पेटली होती. शेवटी ती चुणचुण आली. त्याने वाटी भरली आणि खिडकीत आईपुढे धरली. ताई बॅग घेऊन बाहेर आली आणि बॅग दाराशी ठेवून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. लेक कोपऱ्यात नखं खात उभी.

आईने तिघांकडे बघितलं. चमचा भरला, तोंडात घातला. तिचं सगळं तोंड आवळलं गेलं. तिने डोळे मिटून घास गिळला आणि लगेच दुसरा चमचा भरला, पण तो तोंडापर्यंत जाईना. हात वाटेतच थांबला.

"पुरे रे," ती पुटपुटली. "पोट भरलं."

"एका घासात पोट भरतं का?" ताई पुढे आली. "आण इकडे. मी भरवते."

तिने वाटी काढून घेतली, चमचा भरला, त्यावर फुंकर मारली आणि फार गरम नाही ना हे बघायला, लहान मुलाचं बघतात तसं, आधी स्वतःच्या ओठांना लावून थोडं तोंडात घेतलं.

पुढच्या क्षणाला ताई मोरीकडे धावली.

"अरे देवा!" चूळ भरत ती ओरडली. "हे काय आहे? अख्खी बरणी उपडी केलीस का ह्यात?"

"काय झालं?"

"मीठ! मीठ रे! गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत!"

"मीठ?" तो म्हणाला. "मीठ बरोबर आहे की. मी चाखलंय."

त्याने वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर एक चमचा खाल्ला. गरम होतं. मऊ होतं. त्याने दुसरा खाल्ला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तिसरा चमचा भरताना त्याचा हात हळू झाला.

"बरोबर आहे," तो म्हणाला, पण ह्या वेळी ते विचारल्यासारखं आलं.

"बाबा," लेक कोपऱ्यातून म्हणाली, "खारट आहे. रोज असते. पहिल्या दिवसापासून."

"मग तू मस्त म्हणालीस ते?"

"तू डाव घेऊन उभा होतास ना, बाबा." आणि ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

ताईचा पारा चढला. "म्हणजे हा आईला रोज हे खायला घालतोय आणि तुम्ही दोघी मिठाची गुळणी धरून बसलात?" आपण केवढं अचूक बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "आई, हिचं एक वेळ ठीक आहे, ती पोर आहे. तुला तोंड नाही का?"

आईने खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकला.

"सुनेची पण गेली होती," ती म्हणाली.

"काय गेली होती?"

"जीभ. तो मोठा ताप आला होता ना तिला, हिची शाळा सुरू झाली त्या वर्षी. त्यात गेली. चव नाही, वास नाही. डॉक्टर म्हणाले येईल परत. आली नाही." आई लेकाकडे बघत बोलत होती. "कुणाला सांगू नका म्हणाली. ह्यांना कळलं तर उगाच जिवाला लावून घेतील, म्हणाली. मग मी तिच्याजवळ स्टुलावर बसायचे. सगळं ती करायची. आणि शेवटी डाव माझ्यापुढे धरायची. 'आई, मीठ बघा.' मी घालायचे. पेजेत, आमटीत, भाजीत, सगळ्यात. ह्या घरात तेवढं एकच काम होतं मला."

तुझ्या हातचं मीठ कधी चुकत नाही, असं तो किती वेळा म्हणाला असेल, त्याला मोजता आलं नसतं.

"तुझीही गेलीय, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं," आई म्हणाली.

"मग सांगायचं ना गं!"

"तू विचारलंस कुठे? ती विचारायची." आईचा आवाज चढला नव्हता, तक्रारीचाही नव्हता. "तू एवढा पहाटे उठून राबतोस, तुला काय म्हणू मी, की तुला जमत नाही? म्हटलं, विचारेल. आज विचारेल, उद्या विचारेल. इथे बसून रोज वाट बघायचे. तू म्हणालास, तू बस. मी बसले."

तो वाटी हातात धरून उभा राहिला. शाफ्टमध्ये पाव तास उभा राहणाऱ्या, उत्तर आल्याशिवाय दोराला न शिवणाऱ्या त्याने घरात महिनोन् महिने एकदाही विचारलं नव्हतं. शरम वाटली. खूप दिवसांनी त्याला काहीतरी नक्की वाटलं आणि ते हे होतं.

ताईने नाक पुसलं आणि बॅग उचलली. "झालं. ह्याला स्वतःच्या तोंडातलं कळत नाही, हा तुझं काय बघणार? चल आई. दुपारची बस आहे."

ताईचं बरोबरच होतं. आईला त्यानेच उपाशी ठेवलं होतं, रोज ताजं, गरम करून.

"बॅग ठेव," आई म्हणाली.

"का?"

"मी आले तर ह्याच्या पेजेत मीठ कोण घालणार?"

"आई, अगं, तुझं वजन..."

"भरेल वजन. तुझा काटा ठेवून जा इथे."

ताईने लेकीकडे बघितलं, भावाकडे बघितलं, मग बॅगकडे. शेवटी तिने बॅग आत नेली आणि कपाटाची दारं नेहमीपेक्षा जोरात आपटत कपडे परत लावले. जाताना वजनकाटा खरंच ठेवून गेली, वर दर रविवारी आकडा कळवायचा म्हणून दम देऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टूल खिडकीतून उचललं आणि ओट्याजवळ त्याच्या जुन्या जागी ठेवलं. हलवून बघितलं. एक पाय किंचित आखूड होता. इतकी वर्षं आई डुगडुगत्या स्टुलावर बसत होती. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून त्या पायाखाली सारला. आई येऊन बसली. त्याने तांदूळ धुतले, आधण ठेवलं, वैरले आणि ढवळत राहिला. पेज रटरटायला लागली, दाणा विरघळला. त्याने मिठाची बरणी आईच्या हातात दिली आणि डाव पुढे धरला.

"आई, मीठ?"

आणि हात आखडून थांबला.

आईने चिमटीत मीठ घेतलं, पातेल्यात सोडलं, त्याला ढवळायला लावलं. डावातलं बोटावर घेऊन चाखलं. जरा विचार केला. अजून दोन-चार खडे टाकले.

"हं," ती म्हणाली. "बरोबर."

त्याने तीन वाट्या भरल्या. लेक खायला लागली. पाण्याचा ग्लास तिच्या शेजारी तसाच भरलेला राहिला. आईने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मग मान वर न करता खात राहिली, बोटाने वाटीची कड निपटेपर्यंत. मग तिने स्वतःच आणखी वाढून घेतली.

तोही खायला बसला. काहीच लागलं नाही. नुसतं गरम, मऊ, घशाखाली उतरणारं. मीठ बरोबर होतं, कारण आई तसं म्हणाली होती. त्याने आणखी एक चमचा तोंडात घेतला आणि तो थांबला. ती हेच खात होती. लेकीची शाळा सुरू झाली तेव्हापासून, रोज सकाळी, ह्याच ओट्यापाशी, असंच, काहीही न लागता. आणि रात्री त्याच्या समोर बसून जेवताना म्हणायची, आज छान झालंय नाही सगळं?

आई त्याच्याकडे बघत होती.

"छान झालीय," तो म्हणाला.

आईने त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला.